खारं पाणी आपलं, पीएचडी दुसऱ्याची?

दोस्तांनो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या बीएच्या वर्गात पीएचडी करायचं ठरवलेलं कुणी आहे का? बीएडवाले असतील. एमपीएससीवाले तर असतीलच. पोलीस भरतीसाठी पहाटे ग्राउंडवर धावणारे असतील, तलाठी भरतीच्या जाहिरातीची वाट बघणारे असतील. पण 'मला समाजशास्त्रात संशोधन करायचंय' असं म्हणणारी एखादी मुलगी? किंवा 'मी आपल्या भागाचा इतिहास शोधणार' म्हणणारा एखादा मुलगा? तेल्हारा, अकोट, दर्यापूर, संग्रामपूर या आपल्या पट्ट्यात असं कुणी वर्गात उभं राहून म्हणालंच, तर मागच्या बाकावरून आवाज येईल, 'काय करशीन बे त्याचं?'

हा लेख त्या मागच्या बाकासाठी आहे. आणि पुढच्या बाकावर बसून मनातल्या मनात हो म्हणणाऱ्यांसाठीही.

माझं म्हणणं सरळ आहे. पीएचडीची सुरुवात एमए आणि नेट झाल्यावर होत नाही. बीएच्या दुसऱ्या वर्षात एखाद्या सरांनी किंवा मॅडमनी एका विद्यार्थ्याचा एक प्रश्न मनावर घेतला, की तिथे ती होते. आपल्याकडच्या कॉलेजांत हे क्वचितच घडतं. म्हणून आपल्या भागावरचे प्रबंध, अहवाल, पुस्तकं बहुतेक वेळा बाहेरून आलेले लोक लिहितात. आपण त्यांच्या सर्व्हेच्या फॉर्ममध्ये 'उत्तरदाता क्रमांक अमुक' होऊन बसतो.

विषय तर अंगणात पडलेत

संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि प्रयोगशाळा येते. आर्ट्सवाल्यांनी कशाचं संशोधन करायचं?

खारपाणपट्ट्याचंच घ्या. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरलाय. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते पिकालाही नीट चालत नाही आणि पोटालाही. माती आणि क्षार यांवर कृषीवाल्यांनी आणि भूजलवाल्यांनी काम केलंय. पण पाणी फक्त क्षारांचा प्रश्न आहे का? ज्या घरात पिण्याचं पाणी कॅनने विकत घेतात, त्या घराच्या महिन्याच्या हिशेबातून कोणता खर्च कापला जातो? पाणी आणण्यात रोज कोणाचे किती तास जातात? सोयरीक जुळवताना गावचं पाणी विचारतात का? किडनीचा आजार घरात आला की आधी काय विकलं जातं, आणि शाळा कोणाची सुटते? हे सगळे प्रश्न समाजशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे आहेत. त्यांना प्रयोगशाळा लागत नाही. वही लागते, सायकल लागते आणि लोकांनी दार उघडावं इतकी ओळख लागते. ती ओळख पुण्या-दिल्लीच्या संशोधकापेक्षा तुमच्याकडे जास्त आहे.

वान धरणाचं घ्या. सातपुड्याच्या पायथ्याशी, आपल्याच तालुक्यात. त्याचं पाणी शेतीला की पिण्याला, यावरून झालेली आंदोलनं तुम्ही बघितली आहेत, कदाचित तुमचे बाबा त्यात बसले असतील. राज्यशास्त्रात 'संसाधनांचं वाटप' असं एक कोरडं प्रकरण असतं. ते प्रकरण आपल्याकडे कालव्यातून वाहतं.

मेळघाटातून पुनर्वसित होऊन अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत आलेली गावं घ्या. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली भाषा नाही, ती मुंडा कुळातली आहे. डोंगरातून खाली आलेल्या घरांत नातवंडं आजीशी कोणत्या भाषेत बोलतात? शाळेत गेल्यावर कोणत्या? एखाद्या भाषेचं काय होतंय हे बघायला आपल्याला फक्त ऑटोने जाण्याइतकं अंतर आहे.

किंवा शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यातली भेंडवळची घटमांडणी घ्या. अक्षय्य तृतीयेला पावसाचं आणि पिकाचं भाकीत होतं आणि टीव्हीवाले धावत येतात. 'अंधश्रद्धा' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मोबाइलवर हवामानाचा अंदाज बघणारा शेतकरी घटमांडणीही का ऐकतो, पेरणी ठरवताना कोणावर किती विसंबतो, हे कुणी शंभर शेतकऱ्यांना नीट विचारलं तर तो अभ्यास होईल. अकोट-खंडवा मार्गावरची मीटरगेज गाडी बंद झाली, तेव्हा हिवरखेड-अडगावच्या बाजाराचं काय झालं? त्या गाडीने कोण जायचं, काय विकायचं? हे सांगणारे लोक अजून आहेत. दहा वर्षांनी किती असतील?

प्रोजेक्ट नावाची झेरॉक्स

तुम्ही म्हणाल, अभ्यासक्रमात प्रोजेक्ट आहेच की. बरोबर. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या पदवीत फील्ड प्रोजेक्ट आलाय, कम्युनिटी एंगेजमेंट आलंय, ऑन जॉब ट्रेनिंग आलंय. कागदावर हे फार छान आहे.

प्रत्यक्षात काय होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सीनियरची फाइल मिळते. पहिलं पान बदलतं. 'प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, निष्कर्ष' हे जसंच्या तसं. आता तर फाइलही शोधावी लागत नाही, मोबाइलला सांगितलं की दोन मिनिटांत वीस पानं येतात. झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक. सही झाली, क्रेडिट मिळालं. गावात जायची गरज पडली नाही आणि ज्या गावावर प्रोजेक्ट आहे त्या गावाला पत्ताही नाही.

यात सगळा दोष पोरांचा नाही आणि सगळा सरांचाही नाही. एका प्राध्यापकाकडे वर्गभर मुलांच्या फायली असतील, त्यात नॅकचे कागद, परीक्षेची ड्यूटी, एनएसएसचं शिबिर असेल, तर तो प्रत्येकाचं वाचणार कधी? कित्येक ठिकाणी शिकवणारेच तासिका तत्त्वावर आहेत. त्यांचे पैसे तासाचे मिळतात. तुमच्या प्रोजेक्टवर तुमच्याशी बोललेला तास त्यात धरतं कोण?

मला स्वतःला पदवीला असताना एक मॅडम भेटल्या. मी मास कम्युनिकेशनची विद्यार्थिनी. गावातल्या बाया मोबाइलवर काय बघतात यावर मी पंधरा पानं लिहून दिली होती. त्यांनी ती तिसऱ्या दिवशी परत दिली. पानोपानी लाल पेनने तीनच प्रश्न होते: 'कोण म्हणालं?', 'किती जणींना विचारलंस?', 'उलटं सांगणारी एकही भेटली नाही का?' बस्स. भाषण नाही, व्याख्यान नाही. पण त्या तीन प्रश्नांनी मला जे शिकवलं, ते 'संशोधन पद्धती'च्या पूर्ण पेपरने शिकवलं नव्हतं. आज बातमीसाठी कुठेही गेले तरी ते तीन प्रश्न सोबत असतात. मेंटॉर म्हणजे याहून वेगळं काही नसतं. कुणीतरी तुमचं लिहिलेलं खरंच वाचणं, आणि पुढचा प्रश्न विचारणं.

नियम काय सांगतो?

आता थोडं कामाचं. हा भाग कापून ठेवा.

यूजीसीचे पीएचडीबाबतचे नवे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. त्यात एमफिल बंद झालं आणि एक नवं दार उघडलं. चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्क्यांनी पूर्ण केली, तर एमए न करताही पीएचडीच्या प्रवेशाला बसता येतं. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी नॉन क्रीमी लेअर, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस विद्यार्थ्यांना यात पाच टक्के सूट आहे. २०२४ पासून चार वर्षांच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी नेटही देऊ शकतात. शिवाय नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठी वापरायची सोय झालीय.

चौथं वर्ष दोन प्रकारचं असतं. एक साधं ऑनर्स, दुसरं संशोधनासह ऑनर्स. दुसऱ्यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात आणि त्या वर्षात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प एका मार्गदर्शकाखाली करायचा असतो. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत हे धोरण २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. म्हणजे २०२४-२५ ला बीएच्या पहिल्या वर्षाला बसलेली आपल्या कॉलेजांतली मुलं २०२७-२८ ला चौथ्या वर्षाच्या दारात उभी असतील.

दारात उभी असतील, पण आत जातील का? तुमच्या कॉलेजात चौथं वर्ष आहे का, मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले प्राध्यापक तुमच्या विषयात आहेत का, हे आजच विचारा. नियमाने असिस्टंट प्रोफेसर एका वेळी चार, असोसिएट सहा आणि प्रोफेसर आठ पीएचडी विद्यार्थी घेऊ शकतात. जागा मोजक्या आहेत. शहरातल्या मोठ्या कॉलेजातली मुलं पहिल्या वर्षापासून तयारी करतील आणि आपल्याला ही योजना तिसऱ्या वर्षाच्या निकालानंतर कळेल, असं झालं तर नवं दार जुन्यांसाठीच उघडलं असं म्हणावं लागेल.

कापूस वेचणाऱ्याच्या नावाची फेलोशिप

अमेरिकेत एक योजना आहे. तिची गोष्ट आपल्याला वाटते त्यापेक्षा जवळची आहे.

तिथल्या विद्यापीठांत कृष्णवर्णीय आणि इतर मागे ठेवलेल्या समाजांतले प्राध्यापक फार कमी होते. ते वाढवायचे कसे? मेलन फाउंडेशनने १९८८ मध्ये विचार केला, की पीएचडीच्या दारात उभं राहून वाट बघून उपयोग नाही, पदवीच्या वर्गात जाऊन मुलं शोधली पाहिजेत. साधारण दुसऱ्या वर्षाला मोजकी मुलं निवडायची. प्रत्येकाला एक प्राध्यापक मेंटॉर. दोन वर्षं एका प्रश्नावर काम. सोबत थोडं मानधन, म्हणजे मुलाला सुट्टीत दुसरीकडे राबावं लागू नये. विषय मुख्यतः साहित्य, इतिहास, मानववंशशास्त्र असे. ध्येय उघड सांगितलेलं: पीएचडी करा आणि परत विद्यापीठात शिकवायला या. या वाटेने गेलेली कितीतरी मुलं आज तिथे प्राध्यापक आहेत.

२००३ मध्ये या फेलोशिपला बेंजामिन मेज यांचं नाव दिलं गेलं. हे मेज कोण? साउथ कॅरोलिनातल्या कापसाच्या रानात वाढलेला मुलगा. आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. तो शिकला, १९३५ मध्ये शिकागो विद्यापीठाचा पीएचडी झाला, पुढे मोरहाउस कॉलेजचा अध्यक्ष झाला. त्या कॉलेजात मार्टिन ल्यूथर किंग नावाचा एक विद्यार्थी होता, त्याचे हे मेंटॉर. आणि हेच मेज १९३६-३७ च्या भारतभेटीत आपल्या विदर्भात वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते.

कापसाच्या रानातून पीएचडीपर्यंत गेलेल्या माणसाच्या नावाने तिकडे पदवीच्या पोरांना हात दिला जातो. कापसाच्या या वऱ्हाडात असं काही का असू नये?

अजून एक गंमत सांगते. अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या कॉलेजांनी एकत्र येऊन कित्येक वर्षं आपली पदवीची मुलं पुण्याला पाठवली. ती मराठी शिकायची, मराठी घरांत राहायची आणि प्रत्येक जण एक स्वतंत्र अभ्यास प्रकल्प करायचा. वय तुमच्या-माझ्याएवढंच. म्हणजे विशीतला पोरगा सात समुद्रांपलीकडून येऊन आपल्या समाजाचा अभ्यास करू शकतो, तर इथल्या पोरांना तो 'झेपणार नाही' हे कुणी ठरवलं? एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनियात पीएचडी केली. गेल ऑम्वेट यांनी पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर १९७३ मध्ये बर्कलीत. दोघींचं आपल्यावर ऋण आहे, यात वाद नाही. त्यांच्या शेजारी वऱ्हाडातल्या पोरींची नावंही लिहिली जावीत, एवढंच म्हणणं आहे.

आपल्याकडेही हेच घडलंय

हे सगळं परदेशी खूळ आहे असं वाटत असेल, तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या पाटीकडे बघा. डॉ. पंजाबराव देशमुख. पापळसारख्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९५२ ते १९६२ केंद्रात कृषिमंत्री. त्यांच्या नावापुढचं 'डॉ.' कशाचं, हे विचारलं तर बहुतेक जण शेतीचं म्हणतील. पण भाऊसाहेबांची डॉक्टरेट शेतीतली नव्हती. विलायतेत जाऊन त्यांनी वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास यावर संशोधन केलं होतं. परत आल्यावर १९२७ च्या अंबादेवी मंदिर सत्याग्रहात ते उतरले आणि १९३२ मध्ये त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था काढली. धर्मग्रंथ मुळातून वाचलेला माणूस मंदिरप्रवेशासाठी उभा राहतो, तेव्हा त्याच्या अभ्यासाचा काय उपयोग झाला हे वेगळं सांगावं लागत नाही. आपल्यातले कितीतरी जण त्यांच्याच संस्थेच्या शाळा-कॉलेजांत शिकलेत.

बाबासाहेबांचं बघा. ९ मे १९१६ ला, वयाच्या पंचविशीत, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. तो काही मोठ्या परिषदेतला नव्हता. गोल्डनवायझर नावाच्या प्राध्यापकांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमधला तो पेपर होता. सेमिनारचा पेपर! जो आपण आदल्या रात्री उतरवून काढतो. तो आज शंभर वर्षांनंतरही जगभर वाचला जातो. त्यांची बुद्धी अफाट होतीच. पण ती बुद्धी ऐकून घेणारा एक वर्गही तिथे होता.

इरावती कर्वे मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी. १९२८ मधला त्यांचा एमएचा प्रबंध चित्पावन ब्राह्मणांवर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच समाजावर. तिथून त्या बर्लिनला गेल्या, डॉक्टरेट करून आल्या आणि मग आयुष्यभर महाराष्ट्र पायाखाली घातला. सुरुवात मात्र घरापासून, आणि एका शिक्षकाच्या नजरेखाली.

आजचं उदाहरण हवं असेल तर ते अगदी शेजारचं आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारे गावचे राजू केंद्रे. घरातली शिकणारी पहिली पिढी. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या तुळजापूर कॅम्पसला शिकले, यवतमाळमध्ये 'एकलव्य' ही संस्था उभी केली आणि २०२१ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसला गेले. एकलव्यचं काम काय? खेड्यातल्या, घरातल्या पहिल्या पिढीतल्या पदवीच्या मुलांना मोठ्या संस्थांच्या प्रवेशासाठी मेंटॉर देणं. फॉर्म कधी निघतो, स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणजे काय, मुलाखतीत काय विचारतात. शहरातल्या मुलाला हे जेवणाच्या टेबलावर कळतं. आपल्याला ते सांगणारं कुणी नसतं. मेंटॉर ही चैनीची वस्तू वाटते, पण ज्याच्या घरात कुणी शिकलेलं नाही त्याच्यासाठी ती एसटीच्या वेळापत्रकाइतकी गरजेची आहे.

'काय दिवे लावणार?'

आता मागच्या बाकाचा प्रश्न. टाळणार नाही.

२०२३ च्या हिवाळी अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून हे काय दिवे लावणार, असा सवाल केला होता. खूप गदारोळ झाला. पण खरं सांगू? तो सवाल त्यांच्या आधी आपल्या घरांत विचारला गेलाय. 'नोकरी भेटते का त्यानं?' हे आई विचारते तेव्हा तिला संशोधनाचा राग नसतो. तिला कर्जाचा हप्ता दिसत असतो.

आणि आईचं चूक नाही. पीएचडी झालेले, नेट-सेट झालेले लोक आज तासिका तत्त्वावर शिकवताहेत. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपसाठी संशोधक मुलांना रस्त्यावर बसावं लागलंय. फेलोशिपची परीक्षा, तिचा गोंधळ, मग रकमेची वाट. हे सगळं लपवून 'चला पीएचडी करू या' म्हणणं म्हणजे फसवणूक होईल.

मग तरीही का म्हणतेय?

एक, जो पैसा आहे तो माहीत असायला हवा. नेटमधून जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये, असे २०२३ पासूनचे दर आहेत. आपल्या भागात विशीतल्या किती जणांना एवढा पगार आहे? जेआरएफ सोपी नाही. पण पदवीपासून वाचायची सवय लागलेल्याला ती अशक्यही नाही.

दोन, बीएत केलेलं संशोधन पीएचडी झाली नाही तरी वाया जात नाही. प्रश्न नीट मांडणं, पन्नास लोकांशी बोलणं, आकडे तपासणं, दहा पानं स्वतःच्या शब्दांत लिहिणं. हे ज्याला येतं तो एमपीएससीच्या निबंधातही उभा राहतो, सामाजिक संस्थेतही, आणि पत्रकारितेतही. स्पर्धा परीक्षेची पाच वर्षं गेल्यावर हातात काय उरतं, हा प्रश्न आपण विचारत नाही. संशोधनाला मात्र लगेच विचारतो.

तीन, आणि हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं. आपल्या भागाबद्दलचे निर्णय कुणाच्या तरी अहवालावरून होतात. पुनर्वसन पॅकेज असो, पाणी योजना असो, कर्जमाफी असो. त्या अहवालात कोणता प्रश्न विचारला गेला, यावर उत्तर ठरतं. प्रश्न लिहिणाऱ्याने कधी गुंडभर पाण्यासाठी रांग लावली नसेल, तर तो रांगेबद्दल विचारणारच नाही. पीएचडीने दिवे लागतात की नाही ते सोडा. कोणत्या घरात अंधार आहे, हे तरी आपल्याच माणसाने लिहावं.

कॉलेजांना एक मागणं

सगळ्या वर्गाला संशोधक करा असं कुणी म्हणत नाही. प्रत्येक कॉलेजाने दरवर्षी दुसऱ्या वर्षातली फक्त पाच मुलं निवडावीत. टक्केवारी बघू नका, प्रश्न बघा. प्रत्येकाला एक सर किंवा मॅडम. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास भेट. वर्षाअखेरीला पंधरा पानं, स्वतःची. आणि ती वाचून दाखवायची, ज्या गावावर लिहिलं त्या गावात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. गावाला चुका लगेच कळतात, याहून कडक परीक्षक मिळणार नाही.

मार्गदर्शनाचा तो अर्धा तास कामाचा तास म्हणून धरा, तासिकावाल्यांसाठीसुद्धा. आणि एसटीचं भाडं, झेरॉक्स, दुपारचा डबा इतका खर्च मुलांना द्या. मजुरी बुडवून फील्डवर्क करा असं सांगणं सोपं असतं. ज्याच्या घरी सोयाबीन सोंगायला माणूस कमी आहे, त्याला विचारा.

मंच तर आहेच. राज्यातल्या विद्यापीठांसाठी 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा २००६ पासून होते. तिच्यात भाषा, मानव्यविद्या आणि ललितकला असा आपला स्वतंत्र गट आहे आणि पदवीच्या मुलांसाठी वेगळा स्तरही आहे. आपल्या कॉलेजातून तिथे जाते ती बहुधा सायन्सची मुलं. आर्ट्सच्या फलकावर नोटीस लागते का, एकदा बघा.

आणि तुम्ही?

परवानगीची वाट बघू नका. या दिवाळीच्या सुट्टीत एवढं करा.

एक प्रश्न निवडा. मोठा नको. 'शेतकऱ्यांच्या समस्या' हा प्रश्न नाही, तो प्रबंधाचा मथळा आहे. 'माझ्या गावात गेल्या पाच वर्षांत कोणी कोणी शेत मक्त्याने दिलं आणि का?' हा प्रश्न आहे.

शोधगंगा उघडा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात, मराठीतलेही. तुमच्या विषयावर आधी कोणी काय केलंय ते बघा. एखादा प्रबंध वाचून 'एवढं तर मीही करीन' असं वाटलं, तर ते चांगलं लक्षण आहे. १९१० चं अकोला जिल्ह्याचं गॅझेटियर नेटवर सापडतं. इंग्रजीत आहे, पण आपल्या तालुक्याबद्दल तेव्हाचा साहेब काय लिहून गेला, हे वाचताना डिक्शनरीचा कंटाळा येत नाही. जनगणनेत तुमच्या गावाचे आकडे आहेत. आणि गावातली सगळ्यात म्हातारी बाई, ती तर चालतंबोलतं दफ्तरच. तिचं रेकॉर्डिंग करा, पण तिला विचारून. तिने 'नको' म्हटलं तर नको.

तिचं बोलणं वऱ्हाडीतच उतरवा. 'मले', 'तुले', 'आमच्या इकळे' हे शुद्ध करत बसू नका. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला उद्या तेच सोनं आहे.

मग तीन पानं लिहा आणि ज्या सरांचा किंवा मॅडमचा तास तुम्ही बंक करत नाही, त्यांच्याकडे जा. 'सर, मार्गदर्शन करा' असं मोघम म्हणू नका. म्हणा, 'सर, ही तीन पानं आहेत. वाचून कुठे चुकलं ते सांगाल का?' पहिल्यांदा वेळ नाही म्हणतील. दुसऱ्यांदा ठेवून जा म्हणतील. तिसऱ्यांदा वाचतील. प्राध्यापक झालेल्या माणसाला कधीतरी कुणीतरी असंच वाचून दिलेलं असतं, आणि लिहिलेलं घेऊन स्वतःहून येणारा विद्यार्थी त्याला वर्षात फार भेटत नाही.

आणि मागच्या बाकावरून 'काय करशीन बे त्याचं?' असा आवाज आलाच, तर चिडू नका. त्यालाच विचारा, 'तुह्या घरी पाणी कुठून येते? बसतं का दोन मिनिटं, लिहून घेतो.' पहिला उत्तरदाता मिळाला.